साथ सुरू असताना वॉटर पार्कची सहल: जायचं, जवळ आटपायचं की पुढे ढकलायचं?

दिवाळीच्या सुट्टीत हैदराबाद करायचं, हे आमच्याकडे पोळा-गणपतीतच ठरतं. एक दिवस रामोजी फिल्म सिटी, एक दिवस वंडरला पार्क, उरल्या वेळात चारमिनार. विदर्भातल्या केळापूर, वणी, राजुरा या पट्ट्याला पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडतं. २०१६ साली तिथलं वंडरला सुरू झाल्यापासून लेकरांच्या तोंडी तेच नाव आहे. बुलडाणा-अकोल्याकडची मंडळी समृद्धी महामार्गाने खोपोलीच्या इमॅजिकाची तयारी करतात. मग दसऱ्याच्या सुमारास रुग्ण वाढत असल्याच्या बातम्या येऊ लागतात आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "आपल्याले काय होते?" दुसरा म्हणतो, "पैसे तं भरले ना आता." पहिल्यात नुसती हिंमत आहे, दुसऱ्यात नुसता हिशेब. निर्णय दोन्हींत नाही.

तो कसा घ्यायचा, ते इथे क्रमाने मांडतो. कोविडच्या काळातले सरकारी निकष आणि तेव्हा पाहिलेल्या गोष्टी याला आधार आहेत. पुढची साथ श्वासावाटे पसरणारी असेल तर यातलं बहुतेक तसंच लागू पडेल. डेंग्यू, हगवणीची साथ असेल तर गणित वेगळं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: शहरातलं कुटुंब 'तिथे गेल्यावर काय होईल' हे विचारतं. शेती असलेल्या घराने 'परत आल्यावर पंधरा दिवस काय होईल' हे आधी विचारावं.

पहिलं काम: कॅलेंडर काढा

सहल चार दिवसांची असं आपण म्हणतो. साथीत ती चार अधिक चौदा अशी अठरा दिवसांची धरा. कोविडची लक्षणं लागण झाल्यापासून साधारण २ ते १४ दिवसांत दिसायची. कोविडच्या ओमिक्रॉन या प्रकारात हा काळ आणखी कमी, तीनेक दिवसांवर आला होता. शिवाय लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस इतरांना आजार देत असतो. म्हणजे परत आल्यावर ठणठणीत वाटतंय, ही खात्री नव्हे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर निघण्याची आणि परतण्याची तारीख मांडा आणि त्यापुढचे चौदा दिवस लाल पेनाने रंगवा. आता बघा, त्या लाल पट्ट्यात काय काय येतं.

दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडे काय चालू असतं, हे सांगायला नको. कुणाचं सोयाबीन सोंगून गंजी लावलेली असते आणि थ्रेशरचा नंबर लागायचा असतो. कुणाचं उशिराचं सोयाबीन अजून उभं असतं, आणि उभं राहिलं की शेंगा तडकून दाणे मातीत जातात. कापसाची पहिली वेचणी असते. वेचणाऱ्या बाया सकाळी एका गाडीत दाटीने बसून येतात आणि दुपारी एकाच झाडाखाली डबे उघडतात. घरचा कर्ता माणूस खोकत वावरात गेला तर आजार त्याच्या घरापुरता राहत नाही, टोळीतल्या प्रत्येकीच्या घरी पोचतो. आणि तो घरी पडून राहिला तर वजन कोण करणार, चुकारा कोण देणार? वेचणी लांबली आणि मध्येच पाऊस आला की पांढऱ्या कापसाची कवडी, म्हणजे डागाळलेला माल, होते. भावात पडलेला तो फरक सहलीच्या खर्चात कुणी धरत नाही.

त्याच पट्ट्यात भाऊबीजही येते. सहल पाडव्याच्या आधी करून भाऊबीजेला गावात परतायचं, हा बेत वरून सोयीचा वाटतो. साथीत यापेक्षा वाईट बेत सापडणार नाही. चार दिवस गर्दीत काढायचे आणि नेमक्या साथ पसरवण्याच्या दिवसांत चार बहिणींच्या घरी जेवायला जायचं. जायचंच असेल तर भाऊबीज उरकून जा.

लाल पट्ट्यात टाळता न येणारी दोन कामं आली, तर पुढच्या पायऱ्या न चढताच तारीख बदलायला हरकत नाही.

जाणाऱ्यांपेक्षा मागे राहणाऱ्यांची यादी मोठी करा

प्रवासाची यादी करताना आपण जाणारे मोजतो. इथे मागे राहणारे मोजायचे. साठीच्या पुढचं कोण आहे? मधुमेह, बीपी, दमा, हृदयाचा त्रास, किडनीचा आजार, टीबीचा चालू औषधोपचार, गरोदर सून, तान्हं बाळ. ज्येष्ठांच्या लसीचा डोस होऊन किती दिवस झाले? डोस घेतल्यावर पुरेसं संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. निघायच्या आदल्या दिवशी घेतलेली लस या सहलीच्या कामाची नाही.

विदर्भात आणखी एक गोष्ट वेगळी विचारायला हवी, ती म्हणजे सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, अमरावती, सगळीकडे हा आजार आहे, आणि पुष्कळ घरांत तो चारचौघांत बोलला जात नाही. सिकलसेल पीडिताला श्वसनाचा संसर्ग जड जाऊ शकतो. आणि साथ नसली तरी वॉटर पार्क त्याच्यासाठी अवघडच. दिवसभर ऊन, पाणी कमी पिणं, मध्येच थंडगार पाण्यात शिरणं, दमछाक, यातल्या कशानेही तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा मुलाला न्यायचं की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा, साथ असो वा नसो.

नंतर घराची रचना बघा. परतलेल्यांना पहिले पाच-सात दिवस वेगळं झोपवता येईल का? ओसरीत खाटा टाकता येतील, तर उत्तम. हवा खेळती असते. स्वयंपाकघर आणि संडास एकच असेल तर निदान आजी-आजोबांचं ताट आणि झोपायची जागा वेगळी करता येते का, ते पाहा. एकाच खोलीत सहा जण झोपत असतील तर विलगीकरण हे बोलण्यापुरतंच, हे आधीच कबूल करून टाका.

रात्री दोनची परीक्षा

एक प्रश्न मोठ्याने विचारा आणि घरातल्या दोघांकडून वेगवेगळं उत्तर घ्या: परत आल्यावर सहाव्या दिवशी रात्री दोन वाजता आजीच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरने ९२ दाखवलं, तर कुठे न्यायचं आणि कशात?

बसून असताना ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला की दवाखाना गाठायचा, हे कोविडमध्ये सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. पण दवाखाना म्हणजे कुठला? मैदानी भागात एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुमारे ३०,००० लोकसंख्येमागे आणि आदिवासी भागात २०,००० मागे असतं. तिथे तपासणी होईल, औषध मिळेल, पण दिवसेंदिवस ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला पुढेच पाठवणार. पुढे म्हणजे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, तिथून जिल्ह्याचं ठिकाण, आणि शेवटी यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, नागपूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं किंवा सेवाग्रामचं रुग्णालय. पांढरकवड्याहून यवतमाळ सत्तरेक किलोमीटर. मेळघाटातल्या किंवा भामरागडकडच्या गावाला हेच अंतर किती वेळ खातं, ते तिथल्यांना विचारा.

एका कागदावर १०८ नंबर, गावातल्या आशाताईंचा नंबर, रात्री गाडी काढेल अशा दोघांची नावं आणि जवळच्या ऑक्सिजन खाटेचं ठिकाण लिहा. दोघांची उत्तरं जुळली तर पुढे चला. "बघू तवा" असं उत्तर आलं तर सहल पुढे ढकला. इतकी रोखठोक परीक्षा दुसरी नाही, म्हणून मी तिला आकड्यांच्या आधी ठेवतो.

आकडे दोनच, पण दोन जिल्ह्यांचे

रोजच्या नव्या रुग्णांचा आकडा टीव्हीवर मोठा दिसतो, पण तपासण्या किती झाल्या हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. महाराष्ट्र सरकारने ७ जून २०२१ पासून जिल्हे उघडताना दोन गोष्टी धरल्या होत्या: तपासलेल्यांपैकी किती टक्के बाधित निघतात, आणि ऑक्सिजनच्या किती टक्के खाटा भरल्यात. बाधितांचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आणि भरलेल्या खाटा २५ टक्क्यांहून कमी असतील तर जिल्हा पहिल्या, म्हणजे सगळ्यात कमी निर्बंधांच्या स्तरात. ५ ते १० टक्के किंवा खाटा ४० टक्क्यांवर भरल्या की तिसऱ्या स्तरात. घरगुती निर्णयाला हेच मोजमाप पुरे.

माझा नियम असा. आपला जिल्हा आणि जिथे जायचं तो जिल्हा, दोन्हीकडे बाधितांचं प्रमाण ५ टक्क्यांखाली आणि दोन आठवडे आकडा चढत नसेल, तर जा. एकीकडे जरी ५ ते १० असेल, तर लांबची सहल सोडून जवळ आटपा. १० च्या वर, किंवा आपल्या जिल्ह्यात खाटा ४० टक्क्यांवर भरलेल्या असतील, तर पुढे ढकला. आजचा आकडा कमी असून तो दर आठवड्याला दुप्पट होत असेल, तर त्याला मोठाच समजा. २०२१ च्या जानेवारीत साथ सरल्यासारखं वाटत होतं. लग्नं, ग्रामपंचायत निवडणुकांच्या मिरवणुका सगळं सुरू झालं होतं. २२ फेब्रुवारीला अमरावती आणि अचलपुरात पुन्हा लॉकडाऊन लागला. चढायला इतकाच वेळ लागतो.

आकडे जिल्हा माहिती कार्यालयाच्या बातमीत आणि पेपरच्या जिल्हा पानावर येतात. तपासण्याच कमी होत असतील किंवा लोक घरीच किट वापरत असतील तर टक्केवारी फसवी असते. तेव्हा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सरळ विचारा: ताप-खोकल्याची ओपीडी गेल्या आठवड्यापेक्षा वाढली का? औषध दुकानदारालाही विचारा. खोकल्याच्या बाटल्या किती खपतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

दुसऱ्या राज्यात जायचं तर त्यांचे नियमही बघावे लागतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटकने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा केला होता. सीमेवरून परत फिरणं हे न जाण्याहून वाईट.

पार्कात धोका कुठे असतो

पाण्यात फारसा नाही. नीट क्लोरिन टाकलेल्या पाण्यातून कोविडचा विषाणू पसरत असल्याचं दिसलेलं नाही. उघड्यावरच्या झुल्यांतही तुलनेने कमी. धोका आहे तो कपडे बदलायच्या खोल्या, लॉकरपाशी होणारी दाटी, बंदिस्त अंधाऱ्या राइड, जेवणाचा हॉल आणि छताखालची लांब रांग इथे. दाटी, जवळीक आणि बंद हवा, तिन्ही एकत्र आले की साथ फोफावते. त्यात आरडाओरडा आला की तोंडातून थेंब जास्त उडतात. जपानमधल्या फुजी-क्यू हायलँड या पार्काने २०२० मध्ये लोकांना रोलर कोस्टरवर मनातल्या मनात किंचाळायला सांगितलं होतं. ते ऐकून हसू येतं, पण कारण खरं होतं.

तरी आपल्या सहलीतली सगळ्यात वाईट हवा पार्कात नसतेच. ती असते रात्रभराच्या एसी स्लीपर ट्रॅव्हल्समध्ये. काचा बंद, पडदे ओढलेले, आठ-दहा तास. स्वतःची किंवा भाड्याची क्रूझर, खिडक्या उघड्या आणि दिवसाचा प्रवास, एवढा एक बदल केला तरी अर्धी लढाई जिंकलीत. थकवा येतो, डिझेल जास्त लागतं, पण हिशेबात बसतं.

पार्कातून साथ पसरते, हे कोविडच्या आधीही दिसलं होतं. डिसेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधून गोवर पसरला आणि शंभरावर लोकांना झाला. आणि शांघाय डिस्नेलँडला येऊन गेलेली एक बाई बाधित निघाल्यावर ३१ ऑक्टोबर २०२१ ला दारं बंद करून आतल्या ३३ हजारांहून जास्त लोकांची तपासणी झाली, मगच त्यांना सोडलं. आपल्याकडे इतकं कडक कुणी वागणार नाही, पण परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नये, एवढा धडा घ्यायला हरकत नाही.

पैशाचं

इथेच बहुतेक घरं अडकतात, म्हणून जरा सावकाश बघू.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे दिवाळीचं तिकीट काढताना साथीचा पत्ताही नसतो. पैसे आधी जातात, बातमी मागून येते. म्हणून तिकीट काढतानाच परत किती मिळेल, हे बघून काढा. कन्फर्म तिकीट जितकं उशिरा रद्द कराल तितकी कपात वाढते, आणि कन्फर्म तत्काळ तिकीट आपण रद्द केलं तर काहीच परत येत नाही. साथीच्या दिवसांत तत्काळच्या वाटेला जाऊच नका. घरातलं एक माणूस मागे राहणार असेल तर त्याचं कन्फर्म तिकीट आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको यांपैकी कुणाच्या नावावर करून मिळतं. त्यासाठी गाडी सुटण्याच्या २४ तास आधी आरक्षण खिडकीवर अर्ज आणि नात्याचा पुरावा लागतो. चुलतभावाला ते चालत नाही.

महत्त्वाची गोष्ट अशी की गाडी रेल्वेनेच रद्द केली तर पूर्ण पैसे मिळतात. मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या, तेव्हा ऑनलाइन तिकीट स्वतः रद्द करू नका, पैसे आपोआप परत येतील, असं रेल्वेनेच सांगितलं होतं. तेव्हा गाड्या बंद होण्याची चिन्हं दिसत असतील तर घाई करू नका. मात्र गाडी धावणारच आहे आणि तुम्हीच थांबणार आहात, तर एक दिवसाचा उशीरही महाग पडतो.

पार्काचंही तसंच. बंदीचा हुकूम निघाला तर तारीख बदलून किंवा पैसे परत मिळण्याची शक्यता जास्त. आपणहून गेलो नाही तर तिकिटावरच्या अटी लागू. १० जानेवारी २०२२ पासून राज्य सरकारने मनोरंजन पार्क, प्राणिसंग्रहालयं, किल्ले बंद केले, तेव्हा ज्यांनी तारीख बदलून मिळणारं तिकीट काढलं होतं त्यांची धावपळ कमी झाली. हॉटेल घेताना तिथे पोचल्यावर पैसे द्यायचे, असंच घ्या. शंभर-दोनशे जास्त लागले तरी.

राहिला गाडीवाल्याचा इसार. हा व्यवहार आपल्याकडे तोंडी होतो आणि भांडण तिथेच उभं राहतं. इसार देतानाच व्हॉट्सअॅपवर एक ओळ टाका: "साथीमुळे तारीख बदलली तर इसार पुढच्या भाड्यात धरायचा, तीन दिवस आधी कळवलं तर कपात नाही." त्याने "ठीक आहे भाऊ" लिहिलं की झालं.

आता कागदावर दोन रकाने करा. डावीकडे फक्त बुडणारे पैसे: जे परत येतील किंवा पुढच्या तारखेला वळते होतील ते त्यात धरायचे नाहीत. समजा पाच जणांच्या सहलीवर ३०,००० घातलेत आणि त्यातले ७,००० बुडणार आहेत. निर्णय ७,००० चा आहे, तीस हजारांचा नाही. उजवीकडे आजार घरात आला तर लागणारा खर्च: दोन माणसांची आठ-दहा दिवसांची मजुरी किंवा दुकान बंद, कापूस वेचायला उशीर, तपासण्या, जिल्ह्याच्या ठिकाणी गाडीभाडं, तिथे सोबत राहणाऱ्याचं जेवणखाण. उजवा रकाना खरा होईलच असं नाही, पण झाला तर सावकार किंवा सोनं काढावं लागेल का, हे बघा. लागणार असेल तर डावीकडचे सात हजार सोडून द्या.

निर्णयाच्या दोन तारखा आधीच ठरवा

पहिली तारीख निघण्याच्या दहा दिवस आधी, दुसरी तीन दिवस आधी. मधल्या दिवसांत रोज चर्चा नको. तिने घर नुसतं तापतं. पहिल्या तारखेला कॅलेंडर, माणसं, दवाखाना, आकडे, पैसे हे सगळं एकदा बघा. दुसऱ्या तारखेला फक्त आकडे आणि घरात कुणाला ताप-खोकला आहे का, ते. त्या दिवशी कुणी आजारी असेल तर विषय संपला. क्रोसिन घेऊन गाडीत बसायचं नाही, आणि घरच्या किटवर पहिल्या दिवशी निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही. लक्षणं असतील तर दोन दिवसांनी पुन्हा तपासा.

मर्यादेचे आकडे आधीच कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. बॅगा भरल्यावर मर्यादा ठरवायला बसलात तर ती बॅगांच्याच बाजूने ठरते.

मधला रस्ता

जाणं आणि रद्द करणं यांच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. स्वतःच्या गाडीने, सकाळी निघून रात्री परत. यवतमाळकरांना टिपेश्वरचं अभयारण्य किंवा सहस्रकुंडचा धबधबा, अमरावतीकरांना चिखलदरा, बुलडाणेकरांना लोणार, गोंदिया-भंडाऱ्याला नागझिरा, नवेगावबांध. हवा मोकळी, डबा घरचा. पण रविवारचा चिखलदरा म्हणजे घाटात अडकलेल्या गाड्या आणि मक्याच्या कणसांच्या टपऱ्यांवर दाटी, आडवारीच जा. वॉटर पार्कवर हट्टच असेल तर जिल्ह्याच्या जवळपासचं लहान पार्क गाठा, गेट उघडताच आत शिरा आणि जेवणाच्या गर्दीआधी बाहेर पडा.

पुढे ढकललं तर तारीख लगेच द्या

लेकरांना "पुढच्या वर्षी पाहू" सांगितलं की ते त्याचा अर्थ 'नाही' असाच घेतात, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघतं. महिना आणि आठवडा सांगा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटाकडे उघडतात. त्यामुळे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दुसरीकडच्या शाळा भरलेल्या, पार्क रिकामं आणि आपली लेकरं मोकळी, असे काही दिवस मिळतात. नोकरदार घराला हा काळ फार चांगला. शेती असेल तर तो मृगाच्या पेरणीचा काळ, वावर सोडवत नाही. अशा घराने वार्षिक परीक्षा संपल्यावर मेचा पहिला पंधरवडा धरावा, सोमवार ते गुरुवार. पंचेचाळीस डिग्रीत वॉटर पार्कचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

एक बारीक फायदाही आहे. मोठ्या झुल्यांना उंचीची अट असते. दिवाळीत चार बोटं कमी पडणारा पोरगा उन्हाळ्यात कदाचित आत जाईल. दारावर पेन्सिलने त्याच्या उंचीची रेघ मारून ठेवा. रुसवा त्या रेघेवर निघतो.

तीन-चार घरं मिळून एक गाडी केली असेल तर अवघड जातं. एका घरात म्हातारी आजारी, दुसऱ्याला काही फरक पडत नाही. इथे बहुमताने ठरवू नका. ज्या घराला थांबायचंय त्याने एकदाच स्पष्ट सांगावं, कारण लपवू नये, आणि गाडीभाड्यातला आपला वाटा दहा दिवसांच्या तारखेआधी मोकळा करावा, म्हणजे बाकीच्यांना तिथे दुसरं कुटुंब घेता येतं. "तुमच्यामुळे गेलं सगळं" हे ऐकावं लागेल, ते ऐकून घ्यावं. आणि पुढे ढकलायचं ठरलं की गाडीवाल्याला त्याच दिवशी फोन करा. दिवाळीत त्याची दोन-चारच मोठी भाडी असतात. वेळेत कळलं तर तो दुसरं धरतो आणि मे महिन्यात तुमच्या इसाराची आठवण त्याला करून द्यावी लागत नाही.